काचबिंदू असताना मल्टिफोकल लेन्स?
वडिलांना काचबिंदू आहे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनात मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी लेन्स) टाकू का असं विचारलंय ना तुम्ही, तर आमच्या आईचं सांगतो, जळगावला दाखवलं तेव्हा मी पण चष्मा सुटेल म्हणून महागडीच मागत होतो. डॉक्टर म्हणे ही लेन्स उजेड लांबचा-जवळचा असा वाटून टाकते, कॉन्ट्रास्ट (म्हणजे फिकट-गडद यातला फरक ओळखणं) कमी होतो, आणि काचबिंदूत तो आधीच कमी झालेला असतो, मग संध्याकाळी पायरी कळत नाही, दिव्याभोवती वलयं दिसतात ती वेगळीच. शेवटी मोनोफोकल टाकली, म्हणजे एकाच अंतराचं, तिच्या बाबतीत लांबचं, स्पष्ट दाखवणारी. डाळ निवडायला चष्मा लागतो, पण बाजारात भरताची वांगी स्वतः पारखून घेते (बामणोद गावचीच लागतात तिला!). सिलिंडर नंबर (बुबुळाच्या वाकड्या गोलाईमुळे येणारा चष्म्याचा नंबर) असेल आन् काचबिंदू कंट्रोलमध्ये असेल तर टोरिकचं, म्हणजे तो नंबर भरून काढणाऱ्या लेन्सचं विचारा, साधी टोरिक उजेड असा वाटून टाकत नाही. फील्ड टेस्टचे (नजरेचा घेर तपासतात त्याचे) जुने रिपोर्ट सोबत न्या, आणि ऑपरेशननंतर काचबिंदूचे थेंब आपल्या मनाने बंद करू नका बरं.