शिकारखाना की प्राणिसंग्रहालय?

प्रश्न : लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या राजकिल्ल्यात, ठेवल्या जाणाऱ्या परदेशी जनावरांवरील एका लेखाचा मराठी अनुवाद मी सध्या नाशिकला करीत आहे. १२३५ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्री राजाला नजराणा म्हणून आलेल्या श्वापदांपासून सुरू झालेला हा संग्रह १८३५ मध्ये बंद झाला. मूळ लेखात त्याला ‘मेनाजरी’ म्हटले आहे. त्यासाठी ‘प्राणिसंग्रहालय’ चालेल का?

उत्तर : माझ्या मते चालणार नाही. ‘प्राणिसंग्रहालय’ या शब्दाबरोबर अभ्यास, नोंदी, जोपासना यांची कल्पना येते, आणि टॉवरमध्ये त्यातले काहीच अभिप्रेत नव्हते. १२५२ च्या सुमारास नॉर्वेहून आलेल्या पांढऱ्या अस्वलाला दोराने बांधून थेम्स नदीत मासे धरायला सोडत असत. पुढे अठराव्या शतकात लोकांना आत जाण्यासाठी दीड पेनी तरी द्यावी लागे, नाही तर सिंहांच्या तोंडी घालायला एखादे कुत्रे किंवा मांजर तरी आणावे लागे. अशा जागेला ‘संग्रहालय’ म्हणणे म्हणजे शब्दाला उगीच सोवळे नेसवणे आहे.

आपल्याकडे पेशवाईतला ‘शिकारखाना’, म्हणजे दरबारची श्वापदे ठेवण्याची जागा, हा शब्द तयारच आहे. सवाई माधवरावांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. ‘पीलखाना’ (हत्तींची जागा), ‘फरासखाना’ (तंबू-बिछायतींचे कोठार) यांच्याच घराण्यातला हा शब्द, त्यामुळे दरबारी थाट त्याला आपोआप येतो. मात्र केवळ शिकारीसाठी पाळलेली जनावरे असा कोणी अर्थ घेऊ नये म्हणून पहिल्या उल्लेखात ‘शाही शिकारखाना’ लिहावे.

बोलण्यात तर आपण यांपैकी एकही शब्द वापरत नाही. पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून भायखळ्याला गेलेल्या पोराला शेजारच्या आजी ‘राणीचा बाग पाहिलास का?’ असे विचारीत, आणि त्याची आई मात्र ‘राणीची बाग’ म्हणे. बाग पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हा वाद एकाच ओट्यावर रंगे. १८६२ मध्ये खुल्या झालेल्या त्या उद्यानाला आज वीरमाता जिजाबाईंचे नाव असले, तरी बोलण्यातली राणी व्हिक्टोरियाच आहे.

प्रश्नकर्ता : मग टॉवरसाठी ‘शाही शिकारखाना’, आणि १८२८ मध्ये रीजंट्स पार्कमध्ये सुरू झालेल्या संस्थेसाठी ‘प्राणिसंग्रहालय’ योजतो.

उत्तर : अवश्य. फक्त ‘णि’ ऱ्हस्वच ठेवा. मूळ शब्द ‘प्राणिन्’, त्यामुळे समासात तो ऱ्हस्व राहतो; पाट्यांवर मात्र बहुतेक ठिकाणी दीर्घच रंगवलेला दिसतो.