वॉरंटीतली मोटारसायकल आणि तिसऱ्यांदा आलेला तोच बिघाड : बडोदेकरांचे अनुभव

गाडी वॉरंटीत आहे. सर्व्हिस सेंटरने दोनदा "झालं, घेऊन जा" म्हटलं आणि आठवड्याभरात ती पुन्हा तशीच बंद पडली. अशा वेळी काय तपासायचं, काय लिहून घ्यायचं, हट्ट कुठे धरायचा आणि वॉरंटी खरोखरच कुठे लागू होत नाही, हे ज्यांनी स्वतःच्या हातांनी केलंय त्यांनी लिहावं. उत्तराच्या वर बडोद्यातली आपली वस्ती लिहावी; कंपनीचं, डीलरचं नाव नको. लक्षण, माप आणि उपाय हवा. आकडे साधारण १०० ते २०० सीसीच्या गाड्यांचे समजावेत. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

वाडी, सर्व्हिस काउंटरचा अनुभव

पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडात निम्मं काम जॉब कार्डावर (गाडी आत घेताना तक्रार लिहितात तो कागद) बिघडतं. आपण काउंटरवर सांगतो, "गाडी गरम थाय एटले बंध पडी जाय छे" (गरम झाली की बंद पडते). सल्लागार कॉम्प्युटरच्या यादीतून "स्टार्टिंग प्रॉब्लेम" निवडतो. पुढच्या खेपेला दुसरा माणूस बसलेला असतो, तो "मिसिंग" (इंजिन अडखळणं) निवडतो. तिसऱ्यांदा "जनरल चेकअप". दोष एकच, पण कागदावर तीन वेगवेगळ्या तक्रारी दिसतात, आणि वॉरंटी मंजूर करणारा कंपनीचा माणूस फक्त कागद बघतो.

म्हणून एक वाक्य ठरवा आणि दर वेळी अक्षरशः तेच लिहायला लावा. उदाहरणार्थ: "२५ मिनिटं चालवल्यावर, सिग्नलला उभी असताना बंद पडते. १५ मिनिटं थांबल्यावर सुरू होते. मागील जॉब कार्ड क्रमांक अमुक." निदान मात्र लिहू नका. "पेट्रोलचा पंप खराब" असं लिहिलंत तर पंप तपासतात, "ओके" लिहितात आणि कार्ड बंद होतं. लक्षण लिहिलं की ते लक्षण जाईपर्यंत काम पूर्ण झालं असं म्हणता येत नाही.

वॉरंटीचं काम फुकट, म्हणून बऱ्याच ठिकाणी बिल देत नाहीत. शून्य रकमेचं बिल मागून घ्या. त्यावर बदललेल्या पार्टचा नंबर असतो. तो नसेल तर पार्ट खरंच बदलला की काढून, पुसून परत बसवला, याचा पुरावा राहत नाही. बदललेल्या पार्टला सहसा नवी वॉरंटी मिळत नाही, गाडीची उरलेली मुदतच चालते. त्यामुळे मुदत संपायला महिना असताना रेंगाळलेली प्रत्येक तक्रार कार्डावर चढवून घ्या, बारीक आवाजसुद्धा. "समाधानकारक" या रकान्यावर सही चालवून बघितल्यावरच करा. काउंटरवर उभ्या उभ्या करू नका.

ब्रेक पॅड, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, प्लग, फिल्टर, केबल आणि रबरी भाग झिजणारे धरले जातात, त्यावर भांडण्यात वेळ घालवू नये. बॅटरी आणि टायर यांची वॉरंटी त्यांच्या त्यांच्या कंपनीची असते. बॅटरीचा सिरीयल नंबर गाडी घेतानाच वॉरंटी कार्डावर भरलाय का ते बघा.

रावपुरा, वायरिंगचं काम

"दोन बॅटऱ्या बदलल्या, तिसरीपण गेली" अशी गाडी आली की बॅटरीकडे शेवटी बघावं. व्होल्ट-ओहम मोजणारा साधा, स्वस्त मल्टिमीटर घरी असू द्या, या कामाला तो पुरतो.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही. आता गाडी सुरू करून ४,००० ते ५,००० आरपीएमला धरा. १३.५ ते १४.५ यायला हवेत. १३ च्या आतच घुटमळला तर चार्जिंग होत नाही. १५ च्या पुढे गेला तर रेग्युलेटर-रेक्टिफायर (चार्जिंगचा व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग) बिघडलाय आणि तोच प्रत्येक नवी बॅटरी उकळून मारतोय.

चार्जिंग कमी असेल तर स्टेटरकडून (इंजिनमधली वीज तयार करणारी कॉइल) येणाऱ्या तीन वायरींचा (बहुधा पिवळ्या असतात) कनेक्टर सोडवा. कोणत्याही दोन वायरींत रोध सारखाच आणि अगदी थोडा, साधारण १ ओहमच्या आसपास किंवा कमी. कोणतीही वायर इंजिनच्या धातूला लागता कामा नये. मग गाडी सुरू करून जोडीजोडीने एसी व्होल्टेज बघा. तिन्ही जोड्यांत सारखं हवं, एक जोडी मागे पडली तर त्या कॉइलचं वार्निश जळलंय. ही चाचणी इंजिन तापलेलं असताना करा. थंड असताना नीट दाखवणारा स्टेटर गरम झाल्यावर इंजिनच्या धातूला लागतो ("अर्थिंग" होतं), आणि सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी सकाळी थंड असतानाच तपासतात. "आमच्याकडे दोष दिसत नाही" हे उत्तर बरेचदा इथूनच येतं.

आता ज्या कारणाने तोच पार्ट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जातो ते. रेग्युलेटर बदलतात, पण जुना कनेक्टर तसाच ठेवतात. त्याचं प्लास्टिक तपकिरी झालेलं असतं, आतली पिन सैल झालेली असते. सैल पिन तापते, तापली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापते. नवा रेग्युलेटर काही महिन्यांत जातो. मे महिन्यात बडोद्यात पारा ४२ च्या वर असताना उघड्यावर उभ्या गाडीत हे आणखी लवकर होतं. कार्डावर "रेग्युलेटरसोबत कनेक्टरची पिन तपासून बदलणे" असं वेगळं लिहून घ्या.

चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, अशी तक्रार असेल तर गळती शोधा. चावी बंद करा, निगेटिव्ह वायर काढा, मध्ये मीटर अँपिअरवर लावा, आधी १० अँपिअरच्या रेंजवर. काही मिलिअँपिअर ठीक आहेत. दहाच्या वर दिसले तर एकेक फ्यूज काढा. ज्याने आकडा पडला त्या वाटेवर दोष. जीपीएस ट्रॅकर किंवा चोरीचा अलार्म असेल तर पहिला संशय त्यावर.

बाहेरून फॉग लाइट किंवा जोरदार हॉर्न बसवताना मूळ वायर कापून जोड दिला की इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारायला कंपनीला कारण मिळतं, आणि ते कारण खोटंही नसतं. थेट बॅटरीवरून, वेगळा फ्यूज आणि रिले घालून जोडा. मूळ हार्नेसला (गाडीच्या वायरींचा जुडगा) ब्लेड लावू देऊ नका.

मांजलपूर

रावपुऱ्याच्या लेखनाला जोड. गाडी चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वळवा. मध्येच इंजिन मेलं तर स्टिअरिंगच्या गळ्याशी वायर घासली आहे. गिअर टाकताच मरत असेल तर साइड स्टँडचा स्विच. चिखल-धूळ बसून तो अडकतो. धुऊन, कोरडा करून बघावा आणि मगच ईसीयूवर (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) संशय घ्यावा.

मकरपुरा जीआयडीसी, इंजिनचं काम

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीचा दोष ती बंद पडलेली असतानाच सापडतो. रस्त्याच्या कडेला तीन गोष्टी करा. चावी चालू करून गाडीतल्या पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंदांचा गुणगुण आवाज येतो का ऐका. आवाज नाही तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज. आवाज आहे तर टाकीचं झाकण उघडा. "स्स" करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीला श्वास घ्यायची वाट बंद आहे. सर्व्हिसमध्ये टाकी उतरवून परत बसवताना हवेची नळी दुमडते किंवा फ्रेमखाली चेपते. हा दोष पार्ट बदलून कधीच जात नाही, आणि यापायी चांगले पंप बदललेले मी पाहिलेत. दोन्ही ठीक असेल तर प्लग काढून ठिणगी बघा.

इंजिनचा दिवा लागला असेल तर ईसीयूतला दोषाचा कोड पुसण्याआधी वाचून घ्यायला सांगा आणि तो कार्डावर लिहायला लावा. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या दुचाकींत ओबीडी-२ (दोष स्वतः ओळखून नोंदवणारी यंत्रणा) आहे. दोष आला त्या क्षणाचं आरपीएम, तापमान, वेग अशी नोंद बहुतेक ईसीयूत राहते. दिवा घालवायला बॅटरीची वायर काढू नका, काही गाड्यांत ही नोंद तिथेच पुसली जाते.

पेट्रोल भेसळीचं कारण देऊन वॉरंटी नाकारणं फार चालतं. इथेनॉल पाणी धरतं. ठरावीक प्रमाणापेक्षा पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, पेट्रोल वर राहतं. पावसाळ्यात झाकणाच्या खाचेतला निचरा तुंबला तर पाणी सरळ टाकीत उतरतं. सल्लागारासमोर टाकीच्या तळातून २०० मिली पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. खाली वेगळी रेघ दिसली तर पाणी आहे, आणि ते वॉरंटीचं काम नव्हे. रेघ नसेल तर "पेट्रोलमध्ये पाणी आढळले नाही" हे कार्डावर लिहून घ्या. पेट्रोल भरायच्या पंपावर फिल्टर पेपरची चाचणी (कागदावर थेंब टाकून डाग राहतो का बघणं) मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. पेट्रोलची बिलं जपा.

इंजिन ऑइल बाहेरून बदललं तर ग्रेड लिहिलेलं बिल ठेवा. ओल्या क्लचच्या (क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो अशा) गाडीला डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ ही ग्रेड लिहिलेलं ऑइल हवं. मोटारीचं ऑइल घातलं की क्लच सटकतो, आणि त्याची जबाबदारी कंपनी घेत नाही.

"ऑइल खाते" ही तक्रार तोंडी सांगून कुणी मानत नाही. सपाट जमिनीवर गाडी सरळ उभी करून पातळी वरच्या खुणेपर्यंत भरा, ड्रेन बोल्ट आणि झाकणावर रंगाचा ठिपका द्या, किलोमीटर लिहा. १,००० किमीनंतर परत त्याच खुणेपर्यंत यायला किती मिली लागलं ते सर्व्हिस सेंटरमध्येच मोजा. रंगाचा ठिपका तुटलेला नसेल तर त्या आकड्यावर वाद होत नाही.

सकाळी सुरू केल्यावर काही सेकंद "टकटक" येऊन थांबते ती बहुधा कॅम चेनच्या टेन्शनरची (इंजिनमधल्या चेनला ताण देणारा भाग). सतत येणारी टकटक टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवलेल्या बारीक फटीची. टॅपेट थंड इंजिनवरच मोजायचे. बऱ्याच छोट्या गाड्यांत इनटेक ०.०८ आणि एक्झॉस्ट ०.१२ मिमीच्या आसपास असतात. गरम इंजिनवर मोजलेली फट चुकीची येते.

मांजलपूर, पुन्हा

चेनची ढील बऱ्याच गाड्यांत २० ते ३० मिमी. नेहमीच्या ताणात आवाज गेला नाही तर चाक फिरवत चार ठिकाणी मोजा. एका ठिकाणी ताठ, दुसऱ्या ठिकाणी सैल असेल तर चेन ताणून उपयोग नाही. फोर्कचं सील पुन्हा पुन्हा गळत असेल तर नव्या सीलआधी नळीवर नख फिरवा. चरा लागला तर प्रत्येक सील तिथेच कापलं जाणार.

फतेगंज, पुराच्या पाण्यातली गाडी

हे वॉरंटीत बसत नाही, तरी लिहिते, कारण २०१९ चा ३१ जुलै आणि २०२४ चा ऑगस्ट विश्वामित्री नदीकाठच्या लोकांनी पाहिलाय. बुडालेली गाडी सुरू करून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि पाण्यानंतर सेल्फ मारल्याचं दिसलं तर विमा कंपनी इंजिनचा दावा अडवू शकते. आधी फोटो काढा, त्यात पाण्याची खूण आणि नंबरप्लेट दोन्ही दिसू द्या. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, विमा कंपनीला कळवा, गाडी ढकलत किंवा टेंपोतून न्या. पुढचं काम: प्लग काढून इंजिन हाताने फिरवणे, एअर फिल्टरचा डबा व टाकी रिकामी करणे, ऑइल काढणे. ते दुधासारखं असेल तर नवं घालून थोडा वेळ चालवून पुन्हा बदलायचं. चाकांचे बेअरिंग आणि कनेक्टर राहून जातात, ते दोन महिन्यांनी गंजून त्रास देतात.

"पाच वर्षांचा विमा आहे" म्हणून निश्चिंत राहू नका. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा सक्तीचा विमा थर्ड पार्टीचा असतो. स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो, पूर त्यात येतो.

दांडिया बाजार, ग्राहक आयोगाची कामं

वाडीच्या काकांनी जॉब कार्डाबद्दल लिहिलंय, आमचं काम तिथूनच सुरू होतं. एकाच लक्षणाची तीन कार्डं झाली की कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा. चॅसिस नंबर (१७ अक्षरं-आकडे), तिन्ही कार्डांचे क्रमांक, गाडी एकूण किती दिवस आत होती, आणि मागणी एकच: कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरसोबत संयुक्त टेस्ट राइड. दोष चढावर येत असेल तर पावागडच्या माचीच्या रस्त्यावर न्यायला सांगा. आवारातल्या एका फेरीत तो दिसणार नाही.

तरीही नाही झालं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिथे तुम्ही राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे, आणि वाट बघण्यात ती निघून जाते.

थेट "नवी गाडी द्या" एवढीच मागणी करू नका. २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की वॉरंटी सदोष भाग बदलण्याची असेल तर पूर्ण वाहन बदलून देण्याचा आदेश देता येत नाही. दोष कायमचा दूर करणे, वॉरंटीची मुदत वाढवणे, नुकसानभरपाई, आणि उत्पादनातला दोष सिद्ध झाल्यास रक्कम परत, अशा मागण्या पर्यायी ठेवा. उत्पादनातला दोष तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करावा लागतो. तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद कलम ३८ मध्ये आहे, तिचा अर्ज सुरुवातीलाच द्या.

डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांनी वॉरंटीतली व्यावसायिक वापराची अट वाचावी. कायद्यात मात्र स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू व्यावसायिक धरली जात नाही.

वाडी

अजून एक राहिलं. चॅसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने स्वतःच गाड्या परत बोलावणं) आहे का बघा. रिकॉलच्या कामाचे पैसे वॉरंटी संपल्यावरही सहसा घेत नाहीत. आणि जॉब कार्ड थर्मल कागदावर छापलेलं असेल तर त्याच दिवशी फोटो काढून झेरॉक्स करून ठेवा. सीटखाली ठेवलेला तो कागद एका उन्हाळ्यात कोरा होतो.