मदत हवी आहे: हल्ला होण्याआधीच तटस्थ राष्ट्राने युद्धात उतरावे का?

नमस्कार. नागपुरातील आमच्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत मला असे मांडायचे आहे की, अमेरिकेने पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्याची वाट न पाहता आधीच दुसऱ्या महायुद्धात उतरायला हवे होते. मार्च १९४१ च्या लेंड-लीज कायद्यानंतर ती ब्रिटनला शस्त्रे पुरवतच होती, आणि ३१ ऑक्टोबरला जर्मन पाणबुडीने ‘रूबेन जेम्स’ ही अमेरिकी विनाशिका बुडवली, जिच्यावरचे अवघे ४४ जण वाचले, तरीही अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) युद्ध पुकारले नाही. ही तटस्थता मला नावापुरतीच वाटते. नॉर्वे आणि बेल्जियमलाही १९४० मध्ये तटस्थतेने वाचवले नाही. मात्र स्वीडन आणि स्वित्झर्लंड वाचले, आणि इथेच माझे घोडे अडते. प्रतिपक्षाने हा दाखला दिल्यास उत्तर काय द्यावे? शिवाय जनतेची तयारी नसताना तिच्या मुलांना परक्या युद्धात धाडण्याचे समर्थन कसे करावे? इतिहासाच्या अभ्यासकांनी कृपया मार्गदर्शन करावे.