पुरात चिकटलेले निगेटिव्ह आणि घाटावरची एक पायरी

प्रश्न: २२ वर्षं लग्नाचे फोटो काढले. गेल्या श्रावणात आई गेली, तेव्हापासून ऑर्डरी घेववत नाहीत. रोज पहाटे ५० एमएम लेन्स घेऊन पंचगंगा घाटावर जातो. आई जिथं दिवा सोडायची ती पायरी, रोज तीच फ्रेम. जुलैत पाणी चढलं, पायरी बुडाली. तरी तिथंच उभारून नुसत्या पाण्याचे फोटो काढले. आता तिचे तरुणपणीचे फोटो या मालिकेत हवेत, पण ते निगेटिव्ह २०१९ च्या पुरात भिजून एकमेकांना चिकटलेत. सुटतील का?

उत्तर १: दादा, ओढू नका, इमल्शन (फिल्मवरचा चित्र धरणारा जिलेटिनचा थर) उखडतं. थंड डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजू द्या. गरम पाणी अजिबात नको, जिलेटिन विरघळतं. आधी बिनमहत्त्वाच्या पट्टीवर करून बघा. सुटली की टांगून वाळवा.

उत्तर २: पायरी बुडाल्यावर फ्रेम हलवली नाही, हे लई भावलं. ते पाण्याचे फोटो गाळू नका भाऊ.

प्रश्नकर्ता: एक पट्टी सुटली. कडेला बुरशीचे डाग आहेत, पण आईची वेणी स्पष्ट दिसतेय. रंकाळ्यावरचा फोटो आहे. बाकीच्या अजून पाण्यात आहेत.