मदत हवी आहे: सासूबाईंनी टाळ पेटीत ठेवलेत

नमस्कार ताई-दादांनो, आम्ही औसा तालुक्यातले. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सासूबाईंची तान्ही लेक दगडमातीच्या भिंतीखाली गेली. तरी त्यांनी विठ्ठलाला सोडलं नाही, दर आषाढीला पंढरपूर ठरलेलं. चार महिन्यांमागं माझे मालक अचानक गेले आणि सासूबाईंनी टाळ जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवले. देवापुढं दिवा आता मीच लावते. त्या तिकडं बघतसुद्धा नाहीत.

भजनी मंडळातल्या बाया म्हणतात, तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सांग: नामाच्या नादात पोटचं लेकरू चिखलात तुडवलं गेलं, पुढं देवानं परत दिलं. मला धीर होत नाही. आमचं माणूस कुठं परत येणार?

भीती मलाही वाटते. रात्री पोरगी खोकली तरी छातीत धस्स होतं, मग अंधारातच तिच्या पाठीवर हात ठेवून ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत बसते. तेवढं नाव सुटलेलं नाही.

ज्यांच्या घरी असं घडलंय त्यांनी सांगा, तुम्ही पुन्हा देवाजवळ कसे आलात? सासूबाईंना भजनाला चला म्हणू, की नुसती शेजारी बसू? कार्तिकीला पंढरपूरला न्यावं का?