फसलेला जॉब आपोआप पुन्हा चालवावा का?

मूळ मत, अंधेरी
रुबी भाषेतल्या साइडकिक या साधनात बॅकग्राउंड जॉब (मागे आपोआप चालणारे काम) फसला आणि आपण वेगळे काही सांगितले नसेल, तर तो वाढत्या अंतराने 25 वेळा पुन्हा चालतो. शेवटचा प्रयत्न सुमारे तीन आठवड्यांनी होतो. पायथॉनच्या सेलरी या तशाच साधनात ही मर्यादा 3 आहे, तीही रिट्राय (पुन्हा चालवणे) मागितला तरच. माझ्या मते डिफॉल्ट, म्हणजे काही न सांगता लागू होणारा आकडा, शून्यच असावे, आणि 'हा जॉब दोनदा चालला तरी बिघडत नाही' असे जॉबचा कोड लिहिणाऱ्याने स्पष्ट नोंदवल्यावरच रिट्राय सुरू व्हावा. आमचा एक जॉब पावतीचा एसएमएस पाठवत असे. समोरची सेवा संदेश पाठवत होती, पण तिचे उत्तर येण्याआधीच आमची वाट पाहण्याची मुदत संपे (टाइमआउट होई), म्हणून आमच्या लेखी जॉब फसलेलाच राही. दादरच्या एका आजींना रात्रीतून एकाच पावतीचे सहा संदेश गेले. सकाळी त्यांचा फोन आला, "माझे पैसे सहा वेळा कापले का हो?"

प्रतिसाद, मुलुंड
आजींना झालेला त्रास खरा आहे, पण तो रिट्रायमुळे झाला असे मला वाटत नाही. प्रत्येक पावतीचा एकच ठरावीक क्रमांक विनंतीसोबत गेला असता आणि समोरच्या सेवेने तो तपासला असता, तर दुसरा संदेश निघालाच नसता. शून्य डिफॉल्टचे नुकसान मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही: डेटाबेस अर्धा मिनिट बंद पडला की तेवढ्या वेळातले सगळे जॉब बुडाले, आणि ज्यांना पावती मिळालीच नाही ते सहसा फोनही करत नाहीत.

प्रतिसाद, परळ
किती वेळा यापेक्षा किती वेळ, हे आधी ठरवावे. दहा मिनिटांत बाद होणारा ओटीपी दुसऱ्या दिवशी पाठवण्यात काय अर्थ? शिवाय अंतरात थोडा अनियमितपणा हवाच. लोकल तासभर बंद राहून सुरू झाली की पहिल्याच गाडीवर सगळा फलाट तुटून पडतो. नुकत्याच सावरलेल्या सर्व्हरवर एकाच सेकंदाला परतणारे हजारो जॉब तसेच आदळतात आणि तो पुन्हा झोपतो.

मूळ मत मांडणारा
मुलुंडकरांचा न आलेल्या फोनचा मुद्दा मला मान्य आहे. फसलेला जॉब पुसला जाऊ नये. साइडकिक 25 प्रयत्नांनंतरही तो सहा महिने राखून ठेवते, ते योग्यच आहे. पण क्रमांक तपासण्याची सोय समोरच्या सेवेत नसेल, तर तो जॉब पुन्हा चालवण्याआधी माणसाने पाहिलाच पाहिजे, या मतावर मी ठाम आहे.