विषय: ब्रॅन्सनला तळ्याकाठी आरव्ही, कोणी राहिलंय का?

प्रेषक: माधुरी
सोमवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात सासू-सासरे सोलापूरहून येताहेत. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन मागच्या खेपेलाच झालं. यावेळी जवळच कुठेतरी चार दिवस जावं म्हणतोय, पण हॉटेल नको. हॉटेलात आईंना स्वयंपाक करता येत नाही आणि बाबांना दुसऱ्या दिवशी पिझ्झा बघवत नाही. तेवढ्यात आमच्या ह्यांच्या डोक्यात आरव्हीचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, खूळ शिरलंय. मिसूरीतल्या ब्रॅन्सनच्या बाहेर टेबल रॉक लेकच्या अगदी काठाला कॅम्पग्राउंड आहेत, फोटो सुंदर दिसतात.

आमच्यापैकी कोणीही आजवर व्हॅनपेक्षा मोठं काही चालवलेलं नाही. आईंचे गुडघे दुखतात. सेंट लुईसपासून अडीचशे मैल ही गाडी नेणं झेपेल का? आत खरंच स्वयंपाक होतो का, की नुसती मॅगी? आणि काठाची जागा घ्यावी की आतली? प्रामाणिकपणे सांगा, "मस्त मजा येते" एवढंच नको.

माधुरी

——

प्रेषक: निखिल
सोमवार, रात्री ११.०५

दोन शब्द: ब्लॅक टँक.

बाकी बापूकाका सांगतीलच.

निखिल

——

प्रेषक: बापू
मंगळवार, सकाळी ६.२०

माधुरी,

निखिलकडे लक्ष देऊ नकोस. ब्लॅक टँक म्हणजे गाडीतल्या संडासाची टाकी, ती रिकामी करणं हे दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याने ते हातमोजे न घालता केलं, एवढाच त्याचा इतिहास.

आधी जागेचं. तू ज्याला तळं म्हणतेस ते तळं नाही, धरणाचं पाणी आहे. व्हाइट नदीवर आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने १९५४ ते ५८ मध्ये टेबल रॉक धरण बांधलं, त्याच्या मागे हे पसरलंय. काठाची बरीच कॅम्पग्राउंड कोअरचीच आहेत. हे लक्षात ठेवायचं कारण असं, की धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून ९१५ फुटांवर ठेवतात, पण वरची सोळा फूट, ९३१ पर्यंतची जागा, पुराचं पाणी अडवायला मोकळी सोडलेली असते. म्हणजे वसंतात आर्कान्सॉच्या बाजूला दोन-तीन दिवस धो धो पडला, की फोटोतल्या त्या सुंदर जागा आधी पाण्याखाली जातात. विजेच्या खांबासकट. २०११च्या एप्रिलमध्ये पाणी ९३५च्या वर गेलं होतं. आम्ही एकदा मे महिन्यात पोचलो, तर आमच्या नंबराच्या पाटीवर बगळा बसलेला आणि पाटी पाण्यात. कोअर रोजची पातळी जाहीर करतं. निघायच्या आदल्या दिवशी बघ. ९१५च्या आसपास असेल तर काठाची जागा बिनधास्त घे. ९१८-२० दिसत असेल तर आधी फोन कर.

कोअरच्या जागांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, म्हणजे जूनचे शनिवार-रविवार कधीच गेले. सोमवार ते गुरुवार बघ, आणि रद्द झालेल्या जागांवर रोज सकाळी नजर ठेव. मला तशीच मिळाली होती. आम्हाला जागा अर्ध्या भाड्यात पडते, कारण माझ्याकडे सीनियर पास आहे. बासष्टच्या वर वय आणि नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला असलं की ८० डॉलरमध्ये जन्मभराचा मिळतो. तुझ्या सासऱ्यांना व्हिजिटर व्हिसावर मिळणार नाही, आणि माझा देऊनही चालत नाही, पासवाला स्वतः तिथे मुक्कामाला असावा लागतो. हो, मला न्यायचं असेल तर मी तयार आहे.

गाडी चालवणं: साध्या लायसन्सवर चालते. चव्वेचाळीस नंबरच्या हायवेने स्प्रिंगफील्ड, तिथून पासष्ट नंबरने खाली. हायवेला काही नाही, फक्त वळताना मागचं बूड बाहेर फेकलं जातं ते पेट्रोलपंपावर लक्षात ठेवायचं. गॅलनला आठ-दहा मैल देते. उंची ड्रायव्हरसमोर मोठ्या अक्षरात लिहून चिकटव, ड्राइव्ह-थ्रूचं छत कोणासाठी वाकत नाही. आणि एक सांगतो, मागून साधी गाडी कोणीतरी आणाच. एकदा पाणी, वीज, नळ्या जोडून बसलात की दूध आणायला सगळं सोडून घर हलवायचं का? शिवाय गावातला ७६ नंबरचा रस्ता, जिथे ती सगळी थिएटरं आहेत, तिथे संध्याकाळी बैलगाडीच्या वेगाने जावं लागतं. गावाने आडवाटा लाल, पिवळ्या, निळ्या अशा रंगांनी दाखवल्या आहेत, त्या पकडायच्या. ७६वर मी नवीन माणसाला फक्त एकदा नेतो, दिवे दाखवायला.

आता वीज. आपली मंडळी इथेच हरतात. बऱ्याच आरव्हींना ३० अँपिअरची वायर असते. छतावरचा एसी एकटा तेरा-चौदा खातो. आमच्याकडे सकाळी साडेसातला हिने इन्स्टंट पॉटमध्ये खिचडी लावली, म्हणजे आणखी आठ-नऊ. सुनेने चहाला इलेक्ट्रिक किटली लावली, बारा. बेरीज कर. खट्. सगळं बंद, आणि मी आंघोळीला. तेव्हा नियम एकच: किटली लावणाऱ्याने आधी ओरडायचं, "एसी बंद!"

लाकूड इथून नेऊ नकोस. अ‍ॅशची झाडं पोखरणारा तो हिरवा किडा मिसूरीत पहिल्यांदा २००८ मध्ये सापडला तो एका कॅम्पग्राउंडवरच, वापापेलो तलावाकाठी. असे किडे सरपणातून गावोगाव जातात. तिथेच घ्या, तिथेच जाळा.

माझ्याकडे चाकांखाली घालायचे पिवळे ठोकळे आहेत, पाण्याचा पांढरा पाइप आहे. येऊन घेऊन जा.

बापूकाका

——

प्रेषक: सुनंदा
मंगळवार, दुपारी १.१५

माधुरी, काकांनी खिचडीचं खापर माझ्यावर फोडलं, पण एसी कोणी १८ वर ठेवला होता ते लिहिलं नाही.

स्वयंपाक अगदी नीट होतो ग. आत गॅसची शेगडी असते, पण फोडणी मात्र आत करू नकोस. जागा एवढीशी, हिंग-लसूण पडद्यात जाऊन बसतो आणि गाडी परत करताना ते लोक नाक मुरडतात. बाहेर लाकडी टेबल असतं, तिथे छोटी शेगडी लाव आणि खुशाल फोडण्या घाल. शेजारचे येऊन विचारतात, काय करताय म्हणून. आमच्या शेजारच्या आजोबांनी थालीपीठ खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी दोन ट्राउट साफ करून आणून दिले. मी शाकाहारी, पण ह्यांचं काम झालं.

सिंक पांढरं असतं, हळदीचे हात तिथे धुऊ नकोस. ताटं आधी कागदाने पुसून घ्यायची. आमटीचा तेलकट रस्सा ग्रे टँकमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत, गेला की तिसऱ्या दिवशी वास विचारू नकोस. डोशाचं पीठ मात्र घेऊन जा, उन्हात उभ्या गाडीत ते जसं फुगतं तसं माझ्या घरी कधी फुगलं नाही. मोठ्या भांड्यात ठेव.

रात्री बाहेर काहीही ठेवू नकोस. रॅकूनने आमचा चिवड्याचा डबा उघडला. झाकण फिरवून. शेंगदाणे तेवढे खाल्ले, डाळं ठेवलं.

गुडघ्यांचं म्हणशील तर पायऱ्या तीनच असतात पण उंच, खाली एक स्टूल ठेव. वरचा पलंग पोरांना, मागचा आईंना. आतली बाथरूम रात्रीपुरती, आंघोळीला कॅम्पग्राउंडचं स्नानगृह बरं. त्याच्या जवळची जागा घे, फोटो चांगला आला नाही तरी चालेल.

सुनंदा

——

प्रेषक: माधुरी
मंगळवार, रात्री ९.३०

काकू, काका, किती लिहिलंत! प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय.

जागा मिळाली, सोमवार ते शुक्रवार, पाण्यापासून जरा वर, स्नानगृहाजवळ. ठोकळे न्यायला शनिवारी येते. जूनमधल्या वादळांचं काय करायचं? आणि निखिल, टँकचं नीट सांग की.

माधुरी

——

प्रेषक: निखिल
बुधवार, सकाळी ८.५०

माधुरी,

ठीक, नीट सांगतो. ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह मुक्कामभर बंद ठेवायचा. उघडा ठेवला की पाणी निघून जातं आणि बाकीचं खाली साचून घट्ट बसतं. भरत आला की आधी ब्लॅक सोडायचा, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. हातमोजे घालायचे. काका, झालं समाधान?

वादळाचं मात्र थट्टेवारी नाही. मी ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूचं गुंडाळायचं कापडी छत, उघडं टाकून जेवायला गावात गेलो होतो. निघताना आभाळ स्वच्छ. वीस मिनिटांत पश्चिमेकडून काळं आलं आणि परतलो तेव्हा ऑनिंग छतावर पालथं पडलं होतं, एक दांडा तुटून. डिपॉझिट गेलं. पण डिपॉझिट किरकोळ. याच पाण्यावर १९ जुलै २०१८ला पर्यटकांची बोट अशाच वाऱ्यात बुडून १७ माणसं गेली. फोनवर इशारा वाजला की होडीतून काठावर, आणि आरव्हीतून पक्क्या बांधकामात, म्हणजे तुमच्या बाबतीत स्नानगृहात. आरव्ही म्हणजे चाकांवरचा पत्र्याचा डबा.

आणखी एक. पोहायचं तर धरणाच्या वर. धरणाच्या खालचं टेनिकोमो दिसायला शांत नदीसारखं असतं, पण त्यात धरणाच्या तळाकडचं पाणी सोडतात, ऐन जूनमध्ये पाय बधिर होतात. ट्राउट म्हणूनच तिथे जगतात. भोंगा वाजला की वीजनिर्मिती सुरू, पाणी भराभर चढतं. पोरांना तिथे पाण्यात नेण्यापेक्षा शेजारच्या हॅचरीत ने, माशांना दाणे टाकता येतात.

(टेनिकोमो हे कोणा आदिवासी राजाचं नाव वगैरे नाही. टेनी काउंटी, मिसूरी. टेनी-को-मो. मला कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.)

निखिल

——

प्रेषक: माधुरी
रविवार, रात्री १०.१०

मंडळी,

आलो परत. गाडी धड, ऑनिंग धड, डिपॉझिट परत मिळालं. ब्रेकर तीनदा उडाला, तिन्ही वेळा ह्यांच्यामुळे. पहिल्या रात्री फ्रिज गार होईना, मग शेजारच्याने सांगितलं की गाडी तिरकी उभी आहे, गॅसवरचा हा फ्रिज सपाटीवरच चालतो. काका, तुमचे ठोकळे घातले आणि तासाभरात दही वाचलं.

पण सांगायचंय वेगळंच. बाबा आयुष्यभर धरणांच्या कामावर इंजिनिअर होते हे मी लिहिलं नव्हतं. ब्रॅन्सनमध्ये शो, गुहा, झुले, सगळं होतं. बाबांनी पोचल्यावर विचारलं, "पातळी किती?" मी काकांच्या मेलमुळे पाठ केलेलं, म्हटलं, ९१५ आणि थोडं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, लग्नाला अकरा वर्षं झाली, असं कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धरणाजवळच्या ड्यूई शॉर्ट केंद्रात गेलो. आई आणि पोरं काठाच्या पायवाटेवर, बाबा दीड तास आत. दरवाजे दहा, जनित्रं चार, दोनशे मेगावॅट. संध्याकाळी टेबलावर कागदी ताटली उलटी करून पेन मागितलं. इथे पाणी एकर-फुटात मोजतात, त्यांना टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, हवं होतं. एक एकर-फूट म्हणजे ४३,५६० घनफूट, ९१५ला साठा सुमारे २७ लाख एकर-फूट. सगळे आकडे हाताने. फोन दिला तर म्हणाले, ठेव तो. उत्तर आलं साधारण ११७.६ टीएमसी. ताटलीकडे बघत बसले आणि म्हणाले, "अहो, ही तर आपली उजनी!" उजनीही पूर्ण भरल्यावर ११७च्या आसपास. मग सुरू झाले: उजनीला दरवाजे ४१, इथे दहाच, कारण इथे दरी अरुंद, भिंत उंच, आपल्याकडे नुसतं पसरट. आईंनी भाजी चिरता चिरता विचारलं, "म्हणजे सोलापूर सोडून इतक्या लांब येऊन पुन्हा उजनीच बघायची?"

ताटली त्यांनी बॅगेत ठेवली आहे. कोणाला द्यायची नाही म्हणतात.

माधुरी

——

प्रेषक: बापू
रविवार, रात्री ११.२५

माधुरी,

झोप येईना म्हणून लिहितोय. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेकाठी. होतं. उजनीत गेलं. मी शाळेत होतो. पाणी हटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक होड्या करून फोटो काढायला जातात. आमच्या गावात तसं दगडी काही नव्हतं, त्यामुळे वर काही येत नाही. त्या तुझ्या टेबल रॉकखालीही ओएसिस म्हणून एक गाव आहे. मी दरवर्षी तिथे जाऊन राहतो आणि हिला वाटतं मी ट्राउटसाठी जातो.

आमची विहीर बारमाही होती, मोजणीच्या कागदावर कोरडी लागली. वडील शेवटपर्यंत तेच बोलत राहिले. तुझ्या सासऱ्यांना विचार, ७५-७६च्या सुमारास ते कुठे होते. आणि येत्या रविवारी जेवायला घेऊन ये. ताटलीसकट.

बापूकाका

——

प्रेषक: माधुरी
सोमवार, सकाळी ७.०५

काका,

बाबांना मेल वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांना लिही, मी तेव्हा तिथेच होतो. पण मोजणीवर नाही, भिंतीवर. गावाचं नाव काय ते विचार."

रविवारी साडेबाराला येतो. ठोकळे आणि पाइप तेव्हाच आणते. पाइप धुतलाय.

माधुरी